माझूचं गाठोडं आणि राहिलेली जीभ

वान-रूचा धंदा गाठोडी बांधण्याचा. सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टची सुटी सुटी मॉड्यूलं हुडकायची, कुणाला कोण लागतं ते बघायचं आणि सगळ्यांची मिळून एक फाइल बांधून ब्राउझरकडे धाडायची. तैवानमधल्या ताइनानच्या त्या कंपनीत तिच्याइतकं नेटकं गाठोडं कुणाला बांधता येत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. गल्लीतल्या माझू देवीच्या मंदिरासाठी कौलाच्या चिठ्ठ्या फोनवर काढायचं वेब-पान तिनंच फुकट करून दिलेलं.

आणि आता तिची आई, आ-गुएत, इस्पितळात. उद्या हृदयाचं ऑपरेशन, अन् बाई सही करायला तयार नाही!

"माझूला विचारल्याशिवाय छाती उघडू देणार नाही. चिठ्ठीही मीच काढणार. तू काढलीस तर ती तुझी!"

खाटेवरून काढायची तर फोनवरच, आणि मंदिराचा सर्व्हर नेमका यात्रेच्या गर्दीनं आडवा. शहाण्यासारखं वाग म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे त्या यंत्राच्या डोक्यावर हिरवं खाऊचं पाकीट ठेवलं होतं, तरी आडवा. मग वान-रूनं चिठ्ठ्यांचा सगळा कारभार गाठोड्यात बांधून आईच्या फोनवर उतरवला.

"घे. आता सर्व्हरचं तोंडसुद्धा बघायला नको."

आईनं हात जोडले, बोट टेकवलं. चिठ्ठी निघाली ती कोरी.

"माझ्याबद्दल लिहायला देवीकडे काही उरलंच नाही गं," आई पुटपुटली.

वान-रूनं फोन हातात घेऊन बघितला. मग तिनं कपाळावर हात मारला. कौलाच्या ओळींची फाइल सर्व्हरवरच राहिली होती! गाठोडं बांधणारं अवजार मॉड्यूलं तेवढी गोळा करतं. बाजूला ठेवलेली फाइल आपण सांगितल्याशिवाय त्याला कशी दिसणार?

"आई, चूक माझी. देवीला प्रवासाला काढलं आणि तिची जीभ घरीच विसरले. माझ्याकडे प्रत आहे. पुन्हा बांधते, तू पुन्हा काढ."

"पुन्हा? माझू काय भाजीवाली आहे, घासाघीस करायला? आधी तिची परवानगी."

आईनं बटव्यातली दोन नाणी ओंजळीत खुळखुळवली आणि चादरीवर टाकली. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही काटे पडले तर नाही. पडले दोन्ही छापे. म्हणजे देवी नुसतीच हसली. वान-रू रडकुंडीला आली.

आ-गुएत मात्र नाण्यांकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचेच खांदे हलायला लागले. "तुला हसली, बये! म्हणे मोठी गाठोडीवाली!" हसता हसता तिला ठसका लागला. "आण तो कागद. मरायला टेकलेल्या बाईसमोर माझू असे दात काढायची नाही."

आणि तिनं सही ठोकली.