बुडालेल्यांचा घास

माझी चार वर्षांची भाची कार्टून लावल्याशिवाय जेवत नाही. काल मी तिला वरणभात भरवत होते. पडद्यावरच्या नायकाने दुष्ट राजाच्या गळ्यावर टेकवलेली तलवार मागे घेतली. "मी कुणाचा जीव घेत नाही," तो म्हणाला, आणि मागे देवळातल्यासारख्या घंटा वाजल्या.

माझं डोकंच फिरलं. थोड्या वेळापूर्वी याच दयाळू वीराने राजाचं गलबत उलटवलं होतं. लोखंडी मुखवटे घातलेले शिपाई धडाधड समुद्रात पडले, आणि त्यातला एकही वर आलेला कुणी दाखवला नाही. राजाला चेहरा होता, म्हणून त्याच्यासाठी नायकाचे डोळे भरून आले. मुखवट्यांसाठी कोण रडणार? आणि हा निर्लज्जपणा आपण पोरांना घासाघासाला भरवतो.

"हा घास चिऊचा, हा घास काऊचा," मी रेटत होते. भाचीने तोंड मिटलं.

"हा पाण्यात पडलेल्या काकांचा," ती म्हणाली, आणि तो घास तिने मला ताटाच्या कडेला ठेवायला लावला.

"अगं, ते नुसते शिपाई होते. खा मुकाट्याने," माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली.

पडद्यावर तोवर नायक आणि राजा एका पंगतीला जेवायला बसले होते.