शब्द न टाकणारे मामा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे विचाराल तर मी दगडूमामांचे नाव घेईन. ते माझ्या आईचे थोरले भाऊ, एसटीत कंडक्टर. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी त्यांनी कधी कुणाकडे शब्द टाकला नाही. आमच्या भागात हे जवळजवळ वेडेपणातच जमा होते.

नोकरीची बरीच वर्षे त्यांनी आंबेगावच्या डोंगरातल्या मुक्कामाच्या गाडीवर काढली. संध्याकाळी गाडी वर न्यायची, शाळेच्या ओट्यावर झोपायचे, पहाटे माणसे घेऊन खाली यायचे. मामी करवादायच्या, "बाकीच्यांनी सायबाला सांगून पुण्याची गाडी घेतली. तुमी काय डोंगरातच म्हातारं व्हनार?" मामा शांतपणे म्हणत, "ज्याच्या म्होरं वाकलो, त्याला मग तिकीट मागता येत न्हाई."

दहावीनंतर मला जुन्नरला सायन्सला जायचे होते. पिंपरी पेंढारच्या आमच्या घरात तोवर एवढे कुणी शिकले नव्हते. वडील एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणायला निघाले. मामांनी अडवले. "मार्क हायेत ना पोराला? मग चिठ्ठी कशाला, पावणं?" मुक्कामाची गाडी डेपोत लावून ते खाकी कपड्यांतच माझ्यासोबत रांगेत उभे राहिले. प्रवेश मिळाल्यावर एवढेच म्हणाले, "आता ही जागा तुझी हाय. दुसऱ्या कुनाची नाय."

पुढे पिकांच्या रोगांवर संशोधन करत मी अमेरिकेत पोचलो. दोन हजारनंतरची ती वर्षे. व्हिसाची मुदत संपत आली होती. स्वतःच्या कामाच्या बळावर तिथे कायम राहण्याचा अर्ज मी केला. तो फेटाळला गेला असता तर प्रयोग अर्धवट टाकून, बायको-मुलीला घेऊन निघावे लागले असते. फोनवर मामांनी विचारले, "अडलंय कुठं?"

"मोठ्या लोकांची पत्रं लागतात, मामा. या माणसाची इथं गरज आहे, अशी."

त्यांनी माझा पत्ता विचारून लिहून घेतला. मग म्हणाले, "बघतो."

मी बोलत होतो शास्त्रज्ञांबद्दल. मामांना मोठे लोक एकाच प्रकारचे माहीत होते.

काही आठवड्यांनी पाकीट आले. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे लेटरहेड. 'सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून होतकरू आहे. तरी त्यास आपल्या देशात कायम ठेवून घ्यावे, ही विनंती.' खाली शिक्का. मला आधी हसू आले. मग मी मामेभावाला फोन केला.

"इस्त्रीचे कपडे घालून बंगल्याबाहेर बाकड्यावर बसले व्हते, दादा," तो म्हणाला. "एक जण बोललाच, 'काय कंडक्टर मास्तर, आज तुमीबी?' खाली बघून म्हनले, 'भाच्याचं काम हाय.' आता इलेक्शन आलंय, तर त्या पुढाऱ्याची मानसं बाबांना जीपमधी घालून गावोगाव फिरवत्यात. मास्तर आपला मानूस म्हनून. अन् ह्ये नाय म्हनत नाहीत."

माझे हसू कुठल्या कुठे गेले.

माझ्या अर्जाचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी ते पत्र फायलीत घेतले नाही. या विषयातल्या जाणकारांची पत्रे गेली आणि अर्ज मंजूर झाला. तुमच्या पत्राने काम झाले, असे मामांना कळवले असते तर त्यांना केवढे बरे वाटले असते. पण मग ते आयुष्यभर त्या जीपमध्ये बसत राहिले असते. मामा आज नाहीत. तेव्हा मी त्यांना लिहिले ते असे:

'ती. दगडूमामांस सा. न.
अर्ज मंजूर झाला. आता आम्हाला इथून कुणी जा म्हणणार नाही. तुम्ही पाठवलेले पत्र मात्र मी दिले नाही. इथे शास्त्रज्ञांचीच पत्रे चालतात. तुमचे ते पत्र मिळवायला तुम्ही कुठे बसलात, हे मला कळले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नका. त्या पत्राने माझे काहीही काम झालेले नाही. जीप आली की त्या माणसांना एवढे सांगा आणि घरीच राहा. तुम्ही कुणाचे मिंधे नाही.'