मोटारीचं औषध

माझ्या आबांनी मला जळगाव जामोदहून पार साखरखेर्ड्याला दिलं, ते मोटार पाहून. एवढ्या लांब पोरगी कशाला देता, असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "दारी मोटार हाये त्यायच्या. बोलावलं का त्याच दिवशी येईन पोरगी." जमीन पाहिली नाही, मुलगाही धड पाहिला नाही. मोटार मात्र चारी बाजूंनी फिरून पाहिली.

दोन वर्षं ती धावलीही. पण आमच्या ह्यांना काही उघडं राहिलेलं खपत नसे. बियाण्याची कणगी शेणामातीनं लिंपून बंद करायची, कीड लागू नये म्हणून. त्याच शहाणपणानं एका उन्हाळ्यात त्यांनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला असलेलं बारीक भोक लाखेनं बुजवलं. "वऱ्हाडातलं ऊन हाये, पेट्रोल उडून जाते," म्हणाले. तेव्हापासून मोटार दर पंधरा-वीस मैलांवर बंद पडू लागली.

खामगावच्या एका दुकानदारानं निदान केलं: टाकीत घाण, नळीत गाळ. त्यानं एक जांभळी बाटली दिली. मोटार थांबली की हे उतरत, टाकीचं झाकण उघडत, आत फुस्स करून हवा शिरे, मग बुचभर औषध ओतत. झाकण लावलं की मोटार चालू. "पाह्य, गुण आला का नाही!" असं म्हणून माझ्याकडे अशा नजरेनं पाहत, जणू औषध यांनीच शोधून काढलंय.

मी रॉकेलचे डबे फोडत आलेली बाई. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल डचक डचक करत अडतं. दुसरं पाडलं की धार लागते, हे कुठल्याही चुलीपुढच्या बाईला ठाऊक असतं. मी म्हटलं, "अहो, ते झाकणाचं भोक मोकळं करा. हवा नाही जात आत."

"तुले काय समजते मोटारीतलं?" हे म्हणाले. विषय संपला.

मग माहेरून तार आली. आबांचं काही खरं नव्हतं. तासाभरात आम्ही निघालो. चिखलीच्या अलीकडे एकदा औषध पाजलं, पलीकडे दोनदा. घाईत बाटली न तपासताच खामगाव मागे टाकलं आणि नांदुऱ्याच्या अलीकडे मोटार पुन्हा थांबली. बाटली रिकामी. मी हात जोडले, नुसतं झाकण तरी उघडून पाहा म्हटलं. "औषधाबिगर काय उपेग?" म्हणत हे मागे जाणाऱ्या एका ट्रकला हात करून खामगावला बाटली आणायला गेले. मी रस्त्यावर, बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय, आणि नवरा मोटारीच्या आजारपणात गुंतलेला. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

मी अंबाड्यातला आकडा काढला आणि झाकणाची लाख टोकरून काढली. मोटार आता ठणठणीत होती, पण मला चालवता येत नव्हती. तेवढ्यात एस.टी. आली. कंडक्टरनं दया करून थांबवली.

आबांचे डोळे उघडे होते. पहिला प्रश्न विचारला, "मोटारीनं आली न, माय?"

"हाव, आबा."

"जावयाले म्हन, हारन वाजवा. लय दिवस झाले आयकला नाही."

"वाजवतात, आबा," मी म्हटलं आणि पाणी पाजलं. ते दाराकडे कान लावून पडून राहिले. तासाभरानं गेले.

दिवस मावळायच्या सुमारास गल्लीत हॉर्न वाजला. दोनदा, नेहमीसारखा ऐटीत. ओसरीवर बसलेली माणसं माना खाली घालून बसली. हे बाटली हातात घेऊनच आत आले. "काय गुण हाये या नव्या बाटलीत! तिथून इथपर्यंत एकदाबी थांबली नाही." मग माझं तोंड पाहिलं.

पदराच्या गाठीतला लाखेचा तुकडा मी त्यांच्या तळहातावर ठेवला. "तुमी ट्रकात बसल्यावर काढला झाकनातून. म्हनून थांबली नाही. आबा हारन आयकाले जागे होते."

 ह्यांनी तो अंगणात फेकला, आणि बाटली सांडू नये म्हणून बूच घट्ट करून कोनाड्यात ठेवली.