खूण न केलेला शाफ्ट
मोसंबीचा वास आला की मला ते साल आठवतं, दोन हजार एकवीस, माझं वय त्रेसष्ट. वडीगोद्रीला रोडच्या कडेला माझं गॅरेज. एका बागवाल्याची पिकअप मोसंबी भरली की मागून बसायची, म्हणून मी तिला दोन्हीकडून स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवला आन् त्याच कामात मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट खोलला. खोलायच्या आधी त्याच्या दोन तुकड्यांवर छन्नीनं खूण करतात, म्हणजे ते परत तसेच जुळतात. मी म्हणायचो, खुणा नवशिके करतात, म्हणून केली न्हाई. गाडी रोडला लागली आन् थरथरायला लागली. ड्रायव्हर तीनदा परत आला. म्हणला, "उस्ताद, एक बार शाफ्ट बघा ना." मला राग आला. मालकासमोरच म्हणलो, "शाफ्ट बराबर हाये. यालाच गाडी चालवता येत न्हाई, म्हशी हाकायला पाठवा याला." मालकानं त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. आठ दिवसांनी नवा ड्रायव्हर तीच तक्रार घेऊन आला, तवा मी गाडीखाली शिरलो. शाफ्टचा एक तुकडा दुसऱ्यात दोन दात पुढं बसला होता. फिरवून बसवला, थरथर बिलकुल गेली. मालक म्हणला, "उस्ताद ते उस्तादच." मी हात पुसत गप राह्यलो, त्याची लाज आजही जात न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं आन् हळूच विचारलं, "उस्ताद, बावीस वर्षं चालवून राह्यलो, मला खरंच गाडी येत न्हाई का?" पाणी तसंच ठेवून मी त्याला फटफटीवर बसवलं आन् मालकाच्या दारात, गड्यामाणसांदेखत सांगितलं, "शाफ्ट मी चुकीचा बसवला होता."