रिटचरनं तपासलेला चंद्र

एकतीस वर्षं फोटो स्टुडिओत रिटचिंग केलेल्या माणसाला फोटोवर विश्वास ठेवायला सांगणं अवघडच. चेहऱ्यावरचे डाग घालवणं, मिटलेले डोळे उघडणं, टकलावर केस आणणं हा त्याच्या हातचा मळ. एकदा तर त्यानं लग्नाच्या फोटोत नवरीचे वारलेले वडील मागच्या रांगेत उभे केले. पुढे तिची मुलगी तो फोटो मोठा करून घ्यायला आली आणि आजोबा लग्नात किती खूश होते, ते कौतुकानं सांगत बसली. रिटचरला खरं सांगवेना. तेव्हापासून त्याचा फोटोवरचा भरवसाच उडाला.

निवृत्तीनंतर तो न्हाव्याच्या दुकानात ठासून सांगू लागला, की माणूस चंद्रावर गेलेलाच नाही. माणसं उतरली त्या जागांचे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं वरून फोटो काढलेत, असं कुणी म्हटलं की तो म्हणे, चार ठिपके आणि एक रेघ मी चहा निवायच्या आत काढून देतो. या कामातला माणूसच असं म्हणतोय म्हटल्यावर सगळ्यांना पटलं.

त्याची मुलगी जमीन मोजणीच्या कचेरीत होती. विमानातून काढलेल्या फोटोतल्या सावल्या मोजून इमारतींची उंची काढणं तिचं रोजचं काम. वडिलांशी वाद घालून तिचा घसा बसायचा. शेवटी एका रविवारी तिनं चंद्रावरच्या एकाच जागेचे, सूर्य वेगवेगळ्या बाजूंना असतानाचे नऊ फोटो छापून आणले.

"बाबा, तुम्हीच पकडून द्या चोरी."

तो भिंग घेऊन तीन दिवस जेवणाचं टेबल अडवून बसला. बायको ताटं ओट्यावर वाढू लागली. खोटं काम सावलीत सापडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस चिकटवता येतो, पण त्याची सावली खाचखळग्यांवर बसवताना भलेभले फसतात. इथे चंद्रावर उतरलेल्या यानाच्या मागे राहिलेल्या भागाची सावली सूर्याबरोबर फिरत होती, आणि भोवतीच्या प्रत्येक दगडाचीही तशीच. त्यानं स्वतः ब्रश घेऊन तसं करून पाहिलं. चौथ्या दगडाशी हात टेकले.

तिसऱ्या संध्याकाळी त्यानं मुलीला जवळ बोलावलं. यानापासून पावलांची एक पुसट वाट निघून जवळच्या खड्ड्याच्या काठापर्यंत गेली होती आणि परत फिरली होती.

"हा बघ, वाकून बघायला गेला," तो हळूच म्हणाला. "एवढ्या लांब जाऊन खड्ड्यात काय आहे, हे पाहिल्याशिवाय राहवलं नाही त्याला." मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "माझं चुकलं गं."

मुलीनं जिंकल्याचा तोरा मिरवला नाही. ती शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि ती वाट दोघांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो नऊही फोटो काखोटीला मारून न्हाव्याकडे गेला आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पण आता कुणी ऐकेना. फोटोवर विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच शिकवलंत ना, असं म्हणून न्हाव्यानं त्याला उडवून लावलं. रिटचर मात्र हटला नाही. संध्याकाळपर्यंत एकेकाच्या हातात भिंग देऊन सावल्या दाखवत राहिला.

तो घरी आल्यावर मुलीनं विचारलं, काय झालं?

"दोघांना पटलं," तो चपला काढत म्हणाला. "न्हावी म्हणतो, मी फितूर झालो. उद्या परत जातो."