देवाची पुडी

माझ्या हातच्या पुड्यांवर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. नाशिकच्या एका मुलांच्या दवाखान्यात मी औषधं तयार करते. गोळी मोठ्या माणसाची आणि बाळ वीतभर. म्हणून गोळी खलात घोटायची, तिच्यात लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची, गोडसर भुकटी मिसळायची, काट्यावर तोलायची आणि एकेका डोसाची पुडी बांधायची. घरी माझ्या आमटीत मीठ कधी बरोबर पडत नाही, हे मान्य. पण पुडी चुकत नाही.

सिन्नरकडच्या एका तान्ह्या बाळाला आकडी यायची. पुड्या सुरू होऊनही ती थांबेना. आमच्या डॉक्टरीणबाई खिडकीशी येऊन फारच गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा काटा एकदा तपासून घेता का?" मी फणफणत तपासला. काटा निर्दोष निघाला, आणि बाळाला पुन्हा आकडी आली. मग मात्र राग कुठल्या कुठे गेला. मी घाबरले.

पुड्या न्यायला बाळाचे आजोबा यायचे. घरात औषध तेच पाजत. मी म्हटलं, "आजोबा, पुडी कशी देता, दाखवा बरं."

त्यांनी हात धुतले, पुडी अलगद उघडली, चांगली चिमूटभर भुकटी काढून कपाळाशी नेली आणि कागदाच्या तुकड्यावर बाजूला ठेवली.

"हे काय?"

"देवाचं. आमच्या घरात काय बी आलं तरी आधी देवाला."

"आणि मग?"

"मग तुळशीत. पायाखाली नाय येऊ देत."

म्हणजे देव आणि तुळस माझं औषध घेत होते आणि बाळ अर्धपोटी! हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, डोस तोच राहू द्या, फक्त सगळा बाळाच्या पोटात जाऊ द्या.

देवाशी भांडायची माझी पात्रता नाही. मी नुसत्या लॅक्टोजच्या वेगळ्या पुड्या लाल कागदात बांधल्या. "लाल देवाची, पांढरी नातवाची. एकाच्या वाट्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही."

त्यांनी संशयाने विचारलं, "देवाच्या पुडीत औषध हाय ना?"

"देवाला आकडी येते का?"

आजोबा खळखळून हसले आणि दोन्ही रंगांच्या पुड्या घेऊन गेले.

पुढच्या खेपेला ते नातवाला खांद्यावर घेऊनच आले. "एकदा बी आकडी नाय आली. देव पावला!" मग खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "देवाची पुडी आता तुळशीत नाय टाकत. गोड लागती, परसाद म्हणून मीच खातो. गुडघं लय हलकं झाल्यात ओ. अजून द्या."

श्रेय देवाला, गुण लॅक्टोजला, आणि मी कोण? खरं काय ते सुनावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाळाने माझा चष्मा ओढला. काय घट्ट पकड होती त्याची! मी मुकाट्याने लाल कागद कापायला घेतला.