आईच्या फोनचं झाकण

माझ्या आईला फोन उचलता यायचा, ठेवता यायचा नाही.

उचलताना हिरवं चिन्ह वर सरकवायचं असतं. ते ती बोटाच्या पेराने घासून घासून कसंबसं जमवायची. तिचं सगळं आयुष्य मासळी साफ करण्यात गेलं. मीठ, बर्फ आणि विळी यांनी बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली आहेत की रेशनच्या दुकानातल्या मशीनलाही तिचा अंगठा पटत नाही, मग काचेला कुठून पटायला? बोलणं संपलं की ती फोन कानापासून काढायची. तोवर स्क्रीन काळी झालेली असायची. दोनदा टोचून बघायची आणि फळीवर ठेवून द्यायची. तिच्या हिशेबाने फोन ठेवला म्हणजे ठेवला.

यात तिचं काही चुकत नव्हतं. आधी तिच्याकडे घडीचा, बटणांचा फोन होता. मिटला की कॉल बंद. तो एकदा बर्फाच्या टबात पडला आणि गेला. मग बंगलोरला नोकरी करणाऱ्या नातीचं तोंड तिला दिसावं म्हणून मी हौसेने मोठा, काचेचा फोन घेऊन दिला. नातीचं तोंड दिसायला लागलं, पण रोज संध्याकाळी साडेसातला मी करायचो तो साधा फोन मात्र आईच्या बाजूने कधीच बंद होईना.

आई मोऱ्याला, कोळीवाड्यातल्या आमच्या जुन्या घरात एकटी असते. वडील गेल्यापासून मी तिला सीवूड्सला आमच्या फ्लॅटमध्ये बोलावतोय. ती दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरते. तुमच्या सोसायटीत सगळ्यांची दारं बंद, बोलायचं कोणाशी, असं म्हणते. मोऱ्याला बोलायला शेजारची काकी आहे. ती आमच्या नात्यातली नाही. दोघी एका वर्षी लग्न होऊन आल्या, एकाच ओट्यावर जवळा सुकवला, एकमेकींची पोरं सांभाळली. संध्याकाळी माझा फोन झाला की काकी यायची, किंवा आधीच येऊन बसलेली असायची.

पहिल्यांदा तो उघडा राहिलेला फोन मी कापला नाही तो आळसाने. इकडे भाजी निवडत होतो, फोन स्पीकरवर होता. आईने भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काकीचं हसणं. लहानपणी अंथरुणात पडून मी हेच आवाज ऐकत झोपायचो. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही ऐकलं. तिसऱ्या दिवसापासून मी फोन घेऊन बाल्कनीत जायला लागलो. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही हे आता कबूल करतो.

एकदा बायको चहा घेऊन बाल्कनीत आली.

"कोणाशी बोलताय?"

"आईशी."

"पण तुम्ही बोलत तर नाही आहात."

मी चहा घेतला आणि विषय बदलला. बायको हुशार आहे, तिने परत विचारलं नाही. नुसती बघून आत गेली.

कान लावून बसणं हा माझ्या धंद्याचाही भाग आहे म्हणा. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं बिजागऱ्या बनवतोय. दाराच्या नव्हे, लहान. चष्म्याच्या डबीच्या, पावडरच्या डबीच्या. आमच्याकडे माल कानाने पास होतो. खोक्यातून कुठलीही डबी उचलायची, कानाजवळ धरायची आणि मिटायची. कोरडं, एकच 'टक' आलं तर माल बरोबर. खुळखुळली किंवा दोनदा वाजली तर अख्खा लॉट परत. मापं घ्यायची यंत्रं आमच्याकडे आहेत, पण शेवटचा शब्द कानाचा.

तर अशा कानाने एका संध्याकाळी ऐकलं. मला "जेवन झाला, बाला. तुझा?" असं विचारून झालं होतं, सगळं ठीक आहे म्हणून सांगून झालं होतं. फोन फळीवर गेला आणि आई काकीला म्हणाली, "मोरीत पाय सरकला आज. बसलेली तशीच, उठता येना. पोराला नाय सांगाचा हां. उगाच धावत येल."

मी धावत गेलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, स्कूटरवर, पकडायचा दांडा आणि ड्रिल मशीन घेऊन. मोरीत दांडा बसवला, डॉक्टरला दाखवलं. आई सगळं करून घेत होती आणि माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत होती.

"तुला कोनी सांगितला?"

मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही, असं तेव्हा स्वतःला समजावलं. पण आईच्या घरात तिच्याशिवाय एकच माणूस येत होतं. मी गप्प बसणं म्हणजे त्या माणसाकडे बोट दाखवणं होतं, आणि हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो.

मग मी तेच परत केलं. रात्रीचं ती फक्त चहा-बटर खाते हे ऐकलं आणि तिथल्या एका बाईकडून डबा लावून दिला. गुडघ्याचं ऐकलं आणि तेल, पट्टा घेऊन हजर झालो. मला वाटायचं, मी किती चांगला मुलगा आहे, न सांगता सगळं कळतं मला. डब्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, फोन फळीवर गेल्यावर, आईचा आवाज चढलेला ऐकला.

"तुझ्या तोंडात तील भिजत नाय. मी तुला सांगाचा आनि तू माझ्या पोराला."

"मी नाय सांगितला. आई एकवीरेची शप्पत."

"शप्पत नको घेव. मग त्याला सपान पडतं?"

काकी काहीतरी म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. दार ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर रोज मी फोन करायचो, आई म्हणायची सगळं ठीक, आणि पुढे काहीच नसायचं. पंख्याची घरघर तेवढी. आई एकटी बसलेली असायची आणि मी सीवूड्सच्या बाल्कनीत तिचं ते गप्प बसणं ऐकत उभा राहायचो. त्याच फोनवर खरं काय ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. माझ्याने ते झालं नाही. उलट मी ठरवलं की आईला परत घडीचा फोन करून द्यायचा, पण नातीचं तोंड दिसेल असा. मिटला की बंद. म्हणजे पुढे तरी असं होणार नाही. गळका नळ दुरुस्त केला की खालच्या मजल्यावरची ओल आपोआप जाते, असं मानण्यातला हा प्रकार होता.

रविवारी स्टेशनच्या मॉलमध्ये जाऊन खरे घडीचे, काचेचा पडदाच मिटणारे फोन बघितले. किंमत ऐकून ते घ्यायचे नाहीत हे ठरलंच होतं, पण हातात घेतला आणि माझ्यातला कारागीर खुळावला. काय बिजागरी आहे! अर्धा उघडा तर अर्ध्यावर थांबतो, पाऊण उघडा तर पाऊणवर. मधोमध घडीची पुसट रेघ दिसते, तीही मला आवडली, धुतलेल्या साडीवर असते तशी. मी फोन कानाजवळ नेऊन मिटला, उघडला, परत मिटला. विकणारा पोरगा म्हणाला, "अंकल, स्पीकर खाली आहे." त्याला काय सांगणार? लोकांना हे फोन का आवडतात ते मला तिथे उभं राहून कळलं. काचेचा सपाट फोन कधी संपतच नाही, उताणा पडून राहतो आणि त्यात काहीतरी चालूच असतं. मिटणाऱ्या वस्तूला शेवट असतो. डबा, छत्री, चष्म्याची डबी. मिटली की झालं, आता आतलं ते आत.

मोबाईलवर असे फोन घरी बनवणाऱ्यांचे व्हिडिओ आहेत. जुन्या फोनची काच सोलून काढतात, खालचा मऊ पडदा सोडवतात आणि दोन तुकड्यांच्या मध्ये बिजागरी घालून तो वाकवतात. मी दुरुस्तीवाल्याकडून एक मोडीत काढलेला, पण चालू होणारा फोन आणला आणि जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये तसं करून बघितलं. पहिली घडी झकास. दुसरी झाली. तिसरीला मधोमध काळी रेघ उमटली आणि पडदा मावळला. शेजारच्या मशीनवरचा माझा सोबती म्हणाला, "झाला पापड. आता तळून खा."

मग मी अक्कल वापरली. पडदा वाकवायचा नाहीच. फोन तसाच ठेवायचा, त्याला बिजागरीचं झाकण करायचं. आईच्या फोनमध्ये अशी सोय आहे की बाजूचं चालू-बंद करायचं बटण दाबलं तरी कॉल कापला जातो. ती आधी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते, म्हणून कोणी वापरत नाही एवढंच. म्हणजे झाकण मिटताना ते बटण दाबलं गेलं की काम फत्ते. ऐकायला सोपं आहे. माझ्या स्वतःच्या फोनवर करून बघितलं, तर मिटलेलं झाकण बटण दाबून धरायचं आणि फोन पुन्हा पुन्हा नव्याने चालू व्हायचा. दुसऱ्या वेळी बटण दाबून सुटायचं, पण उघडतानाही दाबलं जायचं आणि वाजणारी रिंग गप्प व्हायची. शेवटी दाराच्या लॅचसारखं एका बाजूने उतरतं नाक घासून काढलं. उघडताना ते मुकाट सरकून जातं, मिटताना दाबतं आणि पुढे निघून जातं. एवढ्याशा नाकापायी तीन आठवडे गेले. शेवटची घासणी झाली, झाकण मिटलं आणि कोरडं, एकच 'टक' आलं. माझ्या तीस वर्षांतला हा सगळ्यात चांगला तुकडा आहे, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणूनच सांगतो.

आईचा फोन आणि माझा एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. रविवारी मोऱ्याला जाऊन झाकण तिच्या फोनवर चढवलं. मी अंगणात जाऊन तिला फोन केला. तिने उघडला, पेराने घासून उचलला, "बोल" म्हणाली, आणि मिटला. टक. माझ्या फोनवर कॉल संपल्याचं आलं. आईने परत उघडला, परत मिटला. तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, सगळं नीट झालं.

"अगो, हे बग काय..." असं म्हणत, फोन हातात उंच धरून ती दाराकडे गेली. काकीच्या दाराकडे तोंड करून. उंबऱ्यावर एक पाय बाहेर होता. तिथेच थांबली. मग पाय आत घेतला, फोन फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "चांगला केलास."

ते मला बघवलं नाही. मोऱ्याला माझी जीभ आपोआप बदलते. म्हणालो, "आये, काकीनं मना कदी काय सांगितला नाय. तुझा फोन बंद व्हत नव्हता. मी ऐकत होतो."

आई खाली बसली. "कवापासून?"

"शिमग्यापासून."

"सगला?"

"सगला."

तिचे ओठ हलायला लागले. शिमग्यापासून आपण या खोलीत काय काय बोललो, वडिलांबद्दल, सुनेबद्दल, माझ्याबद्दल, ते ती आठवत असावी. मी मान खाली घालून बसलो होतो. मग तिने फळीवरचा फोन घेतला, एकदा मिटून बघितला आणि म्हणाली, "झाकन फोनला कशाला लावलास? तुझ्या कानाला लाव."

"चुकला माझा."

"मना नको सांगू. तिला सांग. जा."

काकी ओट्यावर जवळा निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने वर बघितलं नाही. "मग आता काय करू? नाचू?" म्हणाली. थोड्या वेळाने सुपातला एक काडीचा तुकडा बाजूला टाकत म्हणाली, "तू पोरगा हायस, तू ऐकलास. तिनं माझी शप्पत खोटी धरली." त्या घरातून चहा न पिता परत यायची माझी ती पहिली वेळ.

त्या संध्याकाळी साडेसातला फोन केला. "जेवन झाला. तुझा? बरा." आणि टक. मी सवयीने कान लावून उभा होतो. कानात काहीच नव्हतं, पंखासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी तेवढाच वेळ बाल्कनीत उभा राहायचो आणि आत यायचो. रोज वाटायचं, आज विचारावं, काकी आली का. पण ते विचारायचा हक्क मी घालवून बसलो होतो.

असे दहा-बारा दिवस गेले. मग एका संध्याकाळी आई, आश्चर्यच, स्वतःहून गुडघ्याचं सांगत होती. पट्टा लावला की बरं वाटतं, काढला की... इतक्यात मागे कडी वाजली.

"कांदा हाय काय गो घरात? जवला आनलाय."

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. आईचं वाक्य अर्धंच राहिलं.

"काकी आयली," ती म्हणाली आणि टक.

पुढचं मला ऐकायचं होतं. आयुष्यात कधी काही ऐकावंसं वाटलं नसेल इतकं ऐकायचं होतं. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. मी जेवलो का, हे विचारायला आई त्या दिवशी पहिल्यांदाच विसरली होती. फोन खिशात टाकून आत आलो आणि बायकोला म्हटलं, ताटं घे.